सावड आणि हिरवी खूण

आश्विनाचं ऊन तापायला लागलं की आमच्या पूर्णा गावच्या गोदामात दोन वास एकमेकांत मिसळतात. एक कोऱ्या पुठ्ठ्याचा. सणाचा सीझन तोंडावर आलेला असतो, खोक्यांच्या गाड्यांवर गाड्या उतरत असतात, आणि डबा उघडला तर भाकरीलासुद्धा तोच वास येतो. दुसरा वास भिंतीपलीकडचा. गोदामांच्या रांगांमध्ये कोणीतरी हट्टाने राखलेली थोडी खाचरं अजून उरली आहेत. त्यांतलं भात पिवळं पडलं की दुपारच्या वाऱ्याबरोबर एक गोडसर, कोरडा वास आत येतो. हे दोन वास एकदम आले की माझं डोकं ठणकायला लागतं. माल भरायचा हंगाम आणि भात कापायचा हंगाम एकाच महिन्यात घालायची कल्पना ज्याची कोणाची असेल, त्याला एकदा आमच्या पॅकिंग फ्लोअरवर आणून उभा करायला हवा.

गेल्या आठवड्यात तो वास आला आणि त्याच दुपारी केतकीचा फोनही आला.

"वैशालीताई, पुढच्या आठवड्यात परत स्प्रिंट करतोय. शिफ्ट-बदलाचंच. या वेळी नीट करू."

मी कपाळावर हात मारला. फोनवर ते दिसत नाही, एवढं बरं आहे.

मी मूळची अंजूरची, दिलेली कोनला. माहेरच्या जमिनीवर गोदाम उभं राहिलं आणि मी दुसऱ्या एका गोदामात नोकरीला लागले. पॅकिंगच्या बायकांची शिफ्ट लावणं, कोण आलं कोण नाही ते बघणं, कोणाचं भांडण कुठल्या टेबलावर पेटलंय ते वेळेवर ओळखून दोघींना दोन टोकांना बसवणं, हे माझं काम. पदाचं नाव इंग्रजीत लांबलचक आहे. बायका मला 'बाय' म्हणतात, साहेब लोक 'मॅडम' म्हणतात, आणि केतकी 'ताई' म्हणते. केतकी पुण्याच्या एका कंपनीत आहे. लोकांना वापरायला सोपी ॲपं कशी असावीत, हे ठरवणं तिचं काम. मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे, आणि तिचा आवाज ऐकला की माझं रक्त तापतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

स्प्रिंट हा शब्द मला नवा नव्हता. अंजूरच्या शाळेत मी शंभर मीटर धावत असे. सर शिट्टी फुंकायचे, आम्ही जिवाच्या आकांताने पळायचो, दोरीला छाती लागायची, आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत बघावं तर आपण त्याच मैदानात. हे मला तेव्हाही जरा चमत्कारिक वाटायचं. केतकीच्या स्प्रिंटला मैदानही लागत नाही. एक खोली लागते, एक फळा, पिवळ्या-गुलाबी चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे, एक घड्याळ, आणि पाच दिवस सगळी कामं सोडून बसणारी माणसं. सोमवारी अडचण समजून घ्यायची, मंगळवारी कागदावर उपाय काढायचे, बुधवारी त्यांतला एक निवडायचा, गुरुवारी तो खोटा-खोटा बनवायचा आणि शुक्रवारी जे खरोखर वापरणार त्यांच्या हातात देऊन बघायचा. ऐकायला झकास आहे. वर्षभर घासून भलतंच काही बनवण्यापेक्षा पाच दिवसांत आपली चूक कळलेली काय वाईट? मलाही पटलं होतं. म्हणून तर राग जास्त येतो.

आधी अडचण काय होती ते सांगते.

आमच्याकडे काम करणाऱ्या निम्म्या बायका पडघ्याकडच्या गावांतून येतात. घरी थोडीफार भाताची जमीन आहे, आणि शेतात सावडीची रीत आहे. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबते, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही, आणि विसरणं तर नाहीच नाही. या बायकांनी ती रीत गोदामात आणली. आषाढात द्रौपदीबायने रंजनाच्या खाचरात लावणी करून दिली, तर आश्विनात द्रौपदीबायची ड्युटी रंजना करणार आणि द्रौपदीबाय घरी राहून आपलं भात कापणार. शेतातला दिवस ड्युटीने फिटतो, ड्युटी शेतातल्या दिवसाने फिटते. मला फक्त येऊन सांगायच्या. "बाय, सोमवारी माज्या जाग्यावर रंजी." मी शिफ्टच्या कागदावर एक नाव खोडून दुसरं घालत असे. खोकी भरली जात, भातही घरी येई, आणि कोणाच्या बापाचं काही जात नसे.

मग गेटवर चेहरा ओळखणारं मशीन बसलं.

मशीनला सावड कळत नाही. त्याच्या यादीत सोमवारी द्रौपदीचा चेहरा असला तर त्याला द्रौपदीचाच चेहरा लागतो. रंजना समोर उभी राहिली तर लाल दिवा. बदल करायचा तर हेड ऑफिसची मंजुरी, आणि मंजुरीसाठी मेल. सीझनमध्ये हेड ऑफिसकडून मेलचं उत्तर मिळवणं म्हणजे काय, ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. त्यात ठेकेदाराचा नियम असा की सीझनमध्ये मंजुरीशिवाय एक दिवस जरी गैरहजर राहिलं तरी कार्ड बंद. कार्ड बंद म्हणजे नोकरी बंद. द्रौपदीबायला ते कार्ड मिळायला वर्षं लागली होती. त्याआधी ती रोज सकाळी नाक्यावर उभी राहायची. आज कोणी नेलं तर काम, नाही तर घरी. कार्ड मिळालं त्या दिवशी तिने ते गळ्यात घालून फोटो काढून घेतला होता.

म्हणून शिफ्ट बदलायचं सोपं ॲप हवं, ही ओरड माझीच होती. मी मेलवर मेल लिहिले. बाईने फोनवर बोट ठेवावं, जिला सांगायचं तिला विचारलं जावं, तिने हो म्हणावं, आणि गेटवरच्या मशीनला ते आपोआप कळावं. बस्स. एवढंच हवं होतं. उत्तर म्हणून गेल्या वर्षी मला स्प्रिंट मिळालं, तेही ऐन सीझनच्या तोंडावर. फ्लोअर वाऱ्यावर सोडून पाच दिवस वरच्या खोलीत बस म्हणाले.

त्या खोलीत एसी नव्हता, पंखे होते. पंखे लावले की चिठ्ठ्या उडायच्या. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीवर बायकांच्या अडचणी लावून झाल्या, कोणीतरी बटण दाबलं, आणि सगळ्या अडचणी भिरभिरत खाली आल्या. मग पंखे बंद. बाहेर ऊन मी म्हणतंय, वर पत्रा तापलेला, आणि आम्ही घामाने निथळत 'आपण हे कसं सोपं करू शकू' अशी वाक्यं लिहितोय. टेबलावर ते घड्याळ. प्रत्येक कामाला वेळ ठरलेला. मी काही महत्त्वाचं सांगायला तोंड उघडलं की ते वाजायचं.

मंगळवारी त्यांनी भिंतीवर एक बाई काढली. गोल डोकं, दोन डोळे, नाक नाही. तिचं नाव सुनीता. तिला काय वाटतं, ती काय बोलते, तिला कशाची भीती वाटते, हे चार कोपऱ्यांत लिहायचं होतं. मी म्हटलं, "अगं, खाली जाऊन विचारा की. शंभर पावलांवर एवढ्या बायका बसल्यात."

"विचारणार आहोत ना ताई, शुक्रवारी," केतकी म्हणाली. "आज आपण सुनीताच्या नजरेतून बघतोय."

चहा घेऊन वर आलेल्या द्रौपदीबायने त्या चित्राकडे बराच वेळ बघितलं. "ही कोन?"

"तुम्हीच आहात, मावशी," केतकी हसून म्हणाली.

"मना नाक हाय," द्रौपदीबाय म्हणाली आणि ट्रे ठेवून गेली.

बुधवारी मतदान. ज्याला जो उपाय आवडेल त्याच्यावर लाल गोल ठिपके चिकटवायचे. ते नवरात्रातले दिवस होते. रोजच्या रंगाची साडी नेसून त्यावर गोदामाचं नारिंगी जाकीट चढवून बायका यायच्या. बुधवारी ठिपके संपले तेव्हा मी खाली जाऊन एकीकडून टिकल्यांचं पाकीट आणलं, आणि उरलेलं मतदान टिकल्यांवर झालं. सगळ्यांना ते इतकं आवडलं की त्याचे फोटो काढले. त्याच दिवशी मी सांगितलं होतं की यांचा बदल ड्युटीला ड्युटी असा नसतो, त्यामागे शेत असतं, आणि शेत तुमच्यासाठी थांबणार नाही. केतकीला 'सावड' हा शब्द इतका भावला की तिने तोच ॲपला ठेवून टाकला. मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहिला. आणि माझं बाकीचं म्हणणं एका वेगळ्या कागदावर गेलं. आता वेळ नाही पण नंतर नक्की बोलू, अशा गोष्टींसाठीचा तो कागद. त्याला ते 'पार्किंग' म्हणतात. आमच्या रस्त्याला पार्किंगमध्ये लागलेले कंटेनर किती किती दिवस हलत नाहीत, ते मी रोज बघते.

गुरुवारी खोटं ॲप तयार झालं.

आणि इथे मला केतकीचं कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काय सुंदर केलं होतं पोरीने! मराठी अक्षरं ठसठशीत. बटणं मोठी, जाड बोटांना सापडतील अशी. खरं वाटावं म्हणून तिने नावंही शिफ्टच्या कागदावरची खरीच घेतली. रंजना, सविता, हौसाबाई. नावावर बोट ठेवलं की थोडा वेळ चक्र फिरायचं, मग यायचं, 'रंजनाने होकार दिला आहे', आणि मग एक मोठी हिरवी खूण, 'बदल मंजूर'. त्यामागे काहीच नव्हतं. रंजनाला काही जात नव्हतं, हेड ऑफिसला जात नव्हतं, गेटच्या मशीनला तर नाहीच. नुसती चित्रं एकामागून एक लावलेली.

"हे असंच असतं ताई," केतकी म्हणाली. "लोकांना खरं वाटलं तरच ते खरं वागतात."

शिंपी आधी कच्ची शिलाई मारून अंगावर घालून बघतो, तसंच हे, असं मी स्वतःला समजावलं. पण कच्च्या शिलाईचा ब्लाऊज घालून कोणी लग्नाला जात नाही, कारण पांढरे टाके दिसत असतात. केतकीचं काम इतकं सफाईदार होतं की टाके कुठे दिसलेच नाहीत.

शुक्रवारी मला खाली जावं लागलं. एक कंटेनर वळणावर अडकला होता आणि मागे गाड्यांची रांग लागली होती. त्यामुळे बायकांनी वर जाऊन ते ॲप हाताळलं तेव्हा मी नव्हते. पाच जणी गेल्या, पाची जणी हसत खाली आल्या. कसं होतं विचारलं तर म्हणाल्या, "लय भारी हाय." त्यांना खुर्चीवर बसवलं होतं, सरबत दिलं होतं, नाव विचारून मावशी म्हटलं होतं. एवढं केल्यावर समोरच्या पोरीला 'तुझं काही कळलं नाही' असं सांगणारी बाई आमच्या बाजूला अजून जन्मायची आहे. पाचापैकी पाच. वर टाळ्या वाजल्या त्या मला फ्लोअरवर ऐकू आल्या.

सोमवारी द्रौपदीबाय आली नाही.

मी फोन लावला, लागला नाही. शेतात रेंज नसते. रंजनाची सोमवारी आठवड्याची सुट्टी असते, तिला घरी फोन करून विचारलं तर ती म्हणाली, "मना काय म्हायती न्हाय बाय." यादीत गैरहजर लागलं. त्या दिवशी आभाळ भरून येत होतं, परतीचा पाऊस कुठेतरी घुटमळत होता. कापलेलं भात कोणाचं भिजणार, या काळजीत सगळ्या बायका दाराकडे बघत पॅकिंग करत होत्या.

मंगळवारी सकाळी वॉचमनने मला गेटवर बोलावलं. द्रौपदीबाय मशीनसमोर उभी होती. पदर खोचलेला, केसांत पेंढ्याचा भुसा, बोटांवर विळ्याचे बारीक काप, आणि चेहरा अगदी समाधानाचा.

"बाय, यो डबा मना लाल दाखवतोय. मना वळखत न्हाय का आता?"

"द्रौपदीबाय, काल कुठं होती तू?"

"कुठं म्हंजे? भात कापत हुती. सून पोटुशी, शेवटचा म्हैना. मी न्हाय तर कोन कापनार? आख्खा भात कापून घरात टाकला बघ, पाऊस यायच्या आधी."

"आणि ड्युटी?"

"ड्युटी रंजीला दिली न!" तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच काही कळत नाही. "त्या तुमच्या फोनवर. हिरवा झाला न त्यो. मंजूर."

मी तिथे गेटवर उभी राहिले, आणि माझ्या लक्षात काय झालं ते आलं, आणि माझ्या तोंडून जी शिवी गेली ती वॉचमनने ऐकली. कोणाला दिली विचाराल तर मला अजून नक्की सांगता येणार नाही. केतकीला नव्हे. त्या मशीनला, ठेकेदाराला, त्या टाळ्यांना, सगळ्यांना मिळून एकच.

हे गोदामाबाहेरच्या कोणाला सांगितलं तर ते म्हणतात, एवढी कशी ती भोळी? ती भोळी नाही. रंजनाने होकार दिलाय, हे तिला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. आषाढात गुडघाभर चिखलात उभं राहून तिने रंजनाची लावणी केली होती. रंजना होच म्हणणार. स्क्रीनने तेच सांगितलं जे तिला आधीच माहीत होतं. आणि एकदा होकार आला की पुन्हा विचारणं आमच्याकडे अपमानाचं. 'नक्की ना?' असं सावडीत कोणी विचारत नाही. मागून रंजना रडकुंडीला येऊन म्हणत होती, "मना तोंडानं बोलली आस्ती तर उभ्या उभ्या केली आस्ती गं."

त्याच मंगळवारी वर मोठ्या खोलीत स्प्रिंटचा समारोप होता. मी धडधडत जिना चढून गेले तर पडदा लावलेला, हेड ऑफिसचे साहेब दुसऱ्या पडद्यावर, आणि केतकी शुक्रवारची चित्रफीत दाखवत होती. सगळ्यात चांगली म्हणून निवडलेली. पडद्यावर भिंतभर द्रौपदीबायचा चेहरा.

"मावशी, ही तुमची परीक्षा नाही हं. परीक्षा आमच्या ॲपची आहे," फितीतली केतकी सांगत होती. "समजा, तुम्हाला सोमवारी सुट्टी हवी आहे..."

"समजा कशाला? हवीच हाय. भात पिकलाय माजा."

खोलीत हशा पिकला. द्रौपदीबायने बोट ठेवलं. सोमवार. रंजना. चक्र फिरलं. होकार आला. "देनारच ती," द्रौपदीबाय म्हणाली. मग हिरवी खूण. तिने फोन जरा लांब धरून वाचलं, ओठ हलवत.

"झाला ना?"

"तुम्हाला काय वाटतं?" केतकीने विचारलं. हा त्यांचा नियम. समोरच्याला उत्तर सुचवायचं नाही, त्यालाच विचारायचं.

"मना वाटतं झाला."

"छान!"

"म्हंजे मी सोमवारी येव नको?"

"तुम्हाला काय वाटतं, मावशी?"

"नको येव."

"खूपच छान."

पडद्यावरचे साहेब म्हणाले, "वंडरफुल." मी दारातच उभी होते. मी म्हटलं, "ती खाली गेटवर उभी आहे. तिचं कार्ड बंद झालंय. तुमच्या त्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून ती काल आली नाही."

फीत पुढे चालूच होती, आणि द्रौपदीबाय त्यात केतकीला विचारत होती, तुझं लग्न झालंय का. केतकीने ती घाईघाईने बंद केली. मग साहेब म्हणाले की हे नुसतं चाचणीसाठी होतं हे बाईंना कळायला हवं होतं. मी म्हटलं, तिने विचारलं होतं. आत्ता तुम्ही सगळ्यांनी ऐकलं, तिने दोनदा विचारलं. केतकी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे सर. तिचं कार्ड चालू करा." साहेब म्हणाले, बघतो. ठेकेदार म्हणाला, एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील. केतकी भांडली, मी भांडले, मेल गेले, मेलांना मेल आले.

कार्ड उघडलं ते दिवाळी होऊन गेल्यावर. सगळा सीझन द्रौपदीबाय पुन्हा नाक्यावर उभी राहिली. रिक्षातून येता-जाता मला दिसायची आणि हात करायची. मला तिच्या डोळ्याला डोळा देववत नसे, आणि ती आपली रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहायची. डिसेंबरात तिने नव्या भाताचे पोहे आणून दिले, केतकीला पाठव म्हणून. "पोर लय रडली म्हनं. उगाच." मी ते पाठवले नाहीत. मीच खाल्ले. चांगले होते.

आणि ॲप? ॲप पुढच्या टप्प्याला गेलं. पुढचा टप्पा म्हणजे काय ते मी विचारत राहिले. कधी सांगितलं बजेट संपलं, कधी सांगितलं गेटच्या मशीनचा माणूस वेगळ्या कंपनीचा आहे आणि तो ऐकत नाही. मधल्या काळात आणखी एक स्प्रिंट झालं, पाण्याच्या कूलरवर. माझी चीड ती हीच. पाच दिवसांत सगळं होतं. अडचण कळते, चित्रं होतात, टाळ्या होतात. फक्त ते खरं तेवढं होत नाही. पावसाळा आला, लावण्या झाल्या, अंजूरच्या रस्त्याला खड्डे पडले, भरले, पुन्हा पडले. बायका अजून मला येऊन सांगतात, मी अजून मेल लिहिते, आणि मंजुरी न आल्यामुळे कापणीला न गेलेली एक तरी बाई दर वर्षी माझ्याशी आठवडाभर बोलत नाही.

तर या आठवड्यात पुन्हा ती खोली, पुन्हा त्या चिठ्ठ्या. या खेपेला केतकीने येताना चिठ्ठ्यांवर ठेवायला नदीतले गोटे आणले होते. ती थोडी वाळली आहे. सुनीताचं चित्र तिने काढलं नाही. पहिल्याच दिवशी खाली जाऊन जमिनीवर बसून तिने बायकांबरोबर डबा खाल्ला. मला ते आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

काल शुक्रवार होता. वापरून बघायला कोण येणार विचारलं तर द्रौपदीबायने सगळ्यांच्या आधी हात वर केला. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, पुरे झालं की तुला एकदा."

"तुना काय कलतंय? पोरगी परत आली न. बघू तरी काय आनलंय तिनं."

या वेळी मी खोलीतच बसले. मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. कंटेनर अडकला असता तर अडकू दिला असता. नवं ॲप आधीपेक्षाही देखणं होतं. द्रौपदीबायने चष्मा लावला. नातू मांडीवर घेऊन घेऊन तिला आता मान वाकवायची सवय झाली आहे. बोट ठेवलं. सोमवार. भात या वर्षीही सोमवारीच कापायला आलंय. रंजना. चक्र फिरलं. होकार. हिरवी खूण.

तिने फोन लांब धरला, वाचलं, आणि केतकीकडे बघितलं.

"झाला ना?"

केतकीचं तोंड उघडलं. नियमाचे शब्द तिच्या ओठांवर आलेले मला दिसले. मग तिने ते गिळले.

"नाही, मावशी. काहीच झालं नाही. हे खोटं आहे. नुसती चित्रं आहेत."

"आजून खोटाच?"

"हो."

"मग खरा कवा?"

खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळी शिकलेली, सगळी मेहनती. कोणी घड्याळाकडे बघितलं, कोणी गोट्याखालच्या चिठ्ठीकडे. केतकीने माझ्याकडे बघितलं. हाच प्रश्न मी इतके मेल लिहून विचारला होता.

द्रौपदीबायने फोन टेबलावर ठेवला. चष्मा काढला, पदराने पुसला, उठली, आणि खोलीचं दार सताड उघडलं. वाऱ्याने दोन-चार चिठ्ठ्या उडाल्या. खालच्या फ्लोअरवर टेप ओढल्याचे आवाज, पंखे, ट्रॉल्या. कठड्याला धरून तिने अशी हाक मारली की अख्खं गोदाम वर बघायला लागलं.

"रंजेऽऽ! सोमवारी माजी ड्युटी करशील काय गो?"

खालून, पुठ्ठ्यांच्या ढिगाआडून, क्षणाचाही वेळ न लावता उत्तर आलं.

"करीन की!"

द्रौपदीबाय आत आली. खुर्चीवर बसली, सरबताचा ग्लास ओढून घेतला, आणि आमच्याकडे, सगळ्यांकडे, एकेकाकडे बघत म्हणाली,

"माजा झाला. आता गेटवरच्या त्या डब्याला कोन सांगनार, त्ये तुमी ठरवा."